व्हॅनची जुनी जाळी घेताना

नमस्कार श्रोतेहो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराबाहेर घटकाभर उभे राहा, म्हणजे गोव्यात अजून किती मारुती व्हॅन धावतात ते कळेल. भाजी, फुलं, लग्नाची भांडी, सगळं तिच्यातून येतं. 1984 मध्ये ही गाडी आली, पुढे तिचं नाव ओम्नी झालं आणि 2019 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. गाड्या मात्र रस्त्यावर आहेत आणि त्यांना स्पेअर लागतात. म्हणून आज बोलायचं आहे गाडीच्या तोंडावरच्या प्लास्टिकच्या जाळीबद्दल, म्हणजे ग्रिलबद्दल. फुटली तर सेकंडहँड कशी घ्यायची?

पहिली गोष्ट, फुटलेली जाळी टाकून देऊ नका. तुकडे पिशवीत भरून भंगार अड्ड्यावर सोबत न्या. ओम्नीचं तोंड 1998 मध्ये बदललं, 2005 मध्ये पुन्हा बदल झाले. नुसतं ‘ओम्नीची जाळी द्या’ म्हणून भागत नाही. 2010 मध्ये आलेल्या मारुतीच्याच ईको व्हॅनची जाळी तर वेगळीच. आरसीवरचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावरचं वर्ष सांगा, जुना तुकडा समोरच्या जाळीवर ठेवा आणि भोकाला भोक जुळतं का ते बघा. पुन्हा सांगतो, जुने तुकडे टाकू नका.

डिचोलीला माझा मावसभाऊ राहतो. चवथीला चित्रशाळेतले गणपती घरोघरी पोचवायचं काम वर्षानुवर्षं त्याच्या व्हॅनकडे आहे. एका वर्षी चवथ तोंडावर आलेली, पाऊस धो धो कोसळत होता, आणि रात्री म्हापशाहून परतताना अस्नोड्याच्या पुढे वळणावर गाय बसलेली. ब्रेक लागला, गाय उठून चालायला लागली, पण तेवढ्या धक्क्यानं जाळीचे तुकडे झाले. दूध काढून झालं की जनावर रस्त्यावर सोडायचं, ही रीत बंद झालीच पाहिजे. मालकाला दंड करा, मोठा करा. माणसंही मरतात आणि मुकी जनावरंही मरतात.

तर भाऊ हटून बसला. “फुटक्या तोंडाच्या गाडीत मी देव बसवणार नाही.” सकाळी आम्ही म्हापशाच्या बाजूला एका भंगार अड्ड्यावर गेलो. तिथे त्याच वर्षाची एक ओम्नी होती, मागून चेपलेली, पुढून धड. सोबतच्या पोरगेल्या मेकॅनिकनं स्क्रू काढले आणि स्क्रूड्रायव्हर जाळीच्या कडेखाली घालून उचकटायला सुरुवात केली. तेवढ्यात अड्ड्यावरचे एक म्हातारे काका आतून ओरडले, “जोर लावू नका, बाब!”

काका चहाच्या किटलीत गरम पाणी घेऊन आले. जाळीच्या वरच्या कडेवर त्यांनी बारीक धार सोडली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. थोडं थांबले. मग मागे बोटं घालून जाळी अडकवून ठेवणारं एकेक प्लास्टिकचं लॉक चिमटीत दाबलं. टक, टक, टक. जाळी अलगद त्यांच्या हातात आली, एकही लॉक न तुटता. उन्हात वर्षानुवर्षं तापलेलं प्लास्टिक ठिसूळ होतं, गरम पाण्यानं ते जरा नरम पडतं. इतकंच त्यातलं शास्त्र, पण ते हातात असावं लागतं.

भाऊ पैसे काढायला लागला, तर काकांनी आधी जाळी पालथी केली. “पुढची बाजू रंगवता येते. मागची बघा,” म्हणाले. शेजारची दुसरी, काळी कुळकुळीत जाळी त्यांनी उलटून दाखवली. मागे गोंदाची पिवळट रेघ, वर दोन लॉक गायब. “ही मी कुणाला देत नाही. खड्ड्यात गाडी आपटली की गळून पडेल.” मग स्क्रू आणि क्लिपा वर्तमानपत्राच्या पुडीत बांधून दिल्या, न मागता. तुम्ही मात्र मागून घ्या. जाळी मिळते, नेमकी क्लिप मिळत नाही.

घरी आल्यावर मेकॅनिकनं आधी आत दबलेला पत्रा सरळ केला, मग जाळी बसवली. हा क्रम लक्षात ठेवा. आधी पत्रा, मग जाळी. वाकड्या पत्र्यावर ओढून बसवली तर लॉक ताणाखाली राहतात आणि पुन्हा तुटतात. त्या वर्षीचे सगळे गणपती त्याच व्हॅनमधून गेले.

दसऱ्याला झेंडूची माळ बांधताना जाळीला तार पिळून आवळू नका. सुतळी वापरा. जाळीच्या कितीतरी पट्ट्या मी तारेनं कापलेल्या पाहिल्या आहेत.

आणि अड्ड्यावरून निघताना पावती घ्या. ज्या गाडीची जाळी काढली तिचा नंबर त्यावर लिहून घ्या. चोरीच्या गाड्यांचे भागही बाजारात फिरतात. नंबर लिहून द्यायला का कू करणाऱ्याकडून काही घेऊ नका. नमस्कार.