डांबर संपतं तिथून ढाणीपर्यंत

(दृश्य: पहाटेचा अंधार. पुण्यातल्या एका सोसायटीचं पार्किंग. मोटरसायकलवर बॅगा बांधणं चालू आहे.)

दिवाळी सरली की मारवाडात लग्नसराई सुरू होते. पुण्यात, इचलकरंजीत, जालन्यात पिढ्यानपिढ्या राहिलेली, घरात मारवाडी आणि दुकानात मराठी बोलणारी कितीतरी कुटुंबं मूळची बाडमेर, जालोर, पालीकडची. बहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं की भावानं मायरा, म्हणजे मामाकडचा आहेर, घेऊन जायचं, ही तिकडची रीत. बहुतेक जण रेल्वेनं जातात, काही ट्रॅव्हल्सच्या बसनं. आणि काही जण मोटरसायकल बाहेर काढतात.

पुणे ते बाडमेर सुमारे १,०५० किलोमीटर. हा आकडा ऐकून माणसं दचकतात, पण रस्ता जवळजवळ सगळा चांगला आहे. खरी परीक्षा घेतात ते अगदी शेवटचे चार-पाच किलोमीटर. मारवाडात घरं एका जागी दाटीनं नसतात. प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात, आणि अशा पाच-सात घरांची मिळून एक ढाणी. गाव सडकेवर, ढाणी वाळूत. तीन दिवसांचा शीण अंगात, गाडीवर आहेराचं ओझं आणि समोर घोट्याएवढी मऊ वाळू. हजार किलोमीटर सुखरूप आलेली गाडी आडवी होते ती इथे, घर दिसू लागल्यावर. म्हणून या प्रवासाची आखणी शेवटाकडून सुरू करायची.

(दृश्य: फोनच्या नकाशावर गावाचं नाव. मग त्यापासून बराच दूर, मोकळ्या पिवळ्या भागात पडलेला एक ठिपका.)

पहिली चूक नकाशातच होते. गावाचं नाव टाकलं की नकाशा नेतो गावच्या चौकात, आणि ढाणी तिथून पाच किलोमीटर भलत्याच दिशेला असते. निघण्याच्या आदल्या दिवशी बहिणीच्या घरातून कुणाला तरी अंगणात उभं करून लोकेशन मागवायचं. नकाशाचा तो भाग फोनमध्ये उतरवून ठेवायचा, कारण टेकाडांमागे नेटवर्क जातं. आणि एक प्रश्न आवर्जून विचारायचा: ‘डांबर कुठे संपतं?’ त्या जागेवर दुपारी दोन-तीनपर्यंत पोचायचं. बाकीचं वेळापत्रक आपोआप बसतं.

पहिला दिवस पुणे ते सुरत, साधारण ४०० किलोमीटर. दुसरा सुरत ते पालनपूर, तेवढाच. तिसरा पालनपूर ते बाडमेर, फक्त अडीचशे. दोन दिवसांत उरकण्याचा मोह होतो, पण मग ढाणी गाठेपर्यंत अंधार पडतो. तिसरा दिवस आखूड ठेवलाय तो वाळूसाठी.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा जुन्या रस्त्यानं लोणावळा-खंडाळा उतरायचं. वडोदरा-अहमदाबाद द्रुतगती मार्गाचंही तेच. तिथे आणंद-नडियादकडून जाणारा महामार्ग धरायचा. नकाशात वाहन म्हणून मोटरसायकल निवडली नसेल तर तो सरळ टोलनाक्यावर नेऊन उभा करतो आणि परत फिरायला जागा नसते. आहेरात कुणी बाटली ठेवली असेल तर ती घरीच काढून ठेवा. वाटेत अख्खं गुजरात आहे आणि तिथे दारूबंदी आहे.

(दृश्य: सीटच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या बॅगा. एक हात मागच्या कॅरियरवरची जड पेटी उतरवतो.)

आता ओझं. मायऱ्याच्या साड्या, भांडी, मिठाई, सगळं मागच्या कॅरियरवर रचलं की गाडी डांबरावर ठीक चालते आणि वाळूत वेडी होते. कारण साधं आहे. मागच्या आसाच्याही मागे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं, आणि हलकं चाक वाळूत कुठेही वळतं. जड सामान दोन्ही बाजूंच्या बॅगांत, जमेल तितकं खाली आणि पुढे. कॅरियरवर दोन-तीन किलोंपेक्षा जास्त काही नको. तिथे साड्या आणि कपडे ठेवा. बंजी दोरीवर विसंबू नका. ती ताणते, सैल पडते आणि तिचा आकडा सुटून चाकात जातो. बकलाचे पट्टे घ्या, आणि पट्ट्याचं मोकळं टोक नेहमी गाठ मारून आत खोचा.

खाऊही विचार करून निवडावा. खव्याचे पेढे तीन दिवसांच्या उन्हात टिकत नाहीत. बाकरवडी टिकते, पण इंजिनाच्या थरथरीनं तिचा भुगा होतो. स्टीलच्या डब्यात गच्च भरून वरची पोकळी कागदानं दाबून घेतली की अखंड पोचते. मेतकूट, गोडा मसाला, चिवडा यांना काहीच होत नाही.

(दृश्य: जमिनीवर पसरलेलं फडकं, त्यावर हत्यारं आणि सुटे भाग.)

गाडी ३५० सीसीचीच हवी असं नाही. नीट सांभाळलेली १५० सीसीची गाडीही पुरते. फक्त सत्तरच्या वेगावर समाधान मानायचं. टाकीत १३ लिटर आणि लिटरला ३० ते ३२ किलोमीटर धरले तर चारशेचा पल्ला होतो. तरी अडीचशेला भरून घ्या. गुजरातेत पेट्रोल राजस्थानपेक्षा स्वस्त पडतं, म्हणून धानेऱ्याच्या आसपास, सीमेच्या अलीकडे, टाकी काठोकाठ.

बरोबर काय घ्यायचं? पुढच्या आणि मागच्या चाकाची एकेक ट्यूब, तीन टायर लिव्हर, पंक्चरचं सामान, वॉल्व्हचे दोन गाभे, पायपंप, हवा मोजायचा गेज. एक प्लग, फ्यूज, चेनची एक जोडकडी. क्लचची एक केबल. ही केबल पिशवीत ठेवू नका. जुन्या केबलच्या बाजूनेच ओढून टेपनं चिकटवून ठेवा. तुटली की दोन्ही टोकं अडकवली, काम झालं. टाकी काढायची गरज नाही. अर्धा लिटर इंजिन ऑइल. एअर फिल्टर नवा.

फिल्टरवर थोडं थांबावं लागेल, कारण वाळवंटात इंजिनाचं आयुष्य त्याच्यावर असतं. बारीक धूळ आत गेली की पिस्टनच्या रिंगा घासतात, मग गाडी ऑइल पिऊ लागते आणि निळा धूर येतो. कागदी फिल्टर धुवायचा नाही, हलक्या हातानं आपटून झटकायचा. कॉम्प्रेसरची हवा मारायचीच तर आतून बाहेर. बाहेरून आत मारली की धूळ कागदात आणखी रुतते. फिल्टरच्या पेटीचं झाकण नीट बसलंय ना, रबराची कडा दुमडली नाही ना, हे बोट फिरवून बघा. कडा दुमडलेली असेल तर नवा फिल्टरही कुचकामी.

चेनचं गणित इथे उलटतं. मुंबईच्या पावसात भरपूर ऑइल चालतं. मारवाडात ओल्या चेनला वाळू चिकटते आणि ती कानशीसारखी स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, खाते. मेणासारखा सुकणारा ल्यूब रात्री, चेन गरम असताना फवारायचा आणि सकाळपर्यंत सुकू द्यायचा. दर ५०० किलोमीटरला. ओझं चढवल्यावर चेनचा ताण पुन्हा तपासा. रिकाम्या गाडीवर बरोबर असलेली चेन भरलेल्या गाडीवर घट्ट होते.

(दृश्य: डीसा मागे पडतं. रस्त्याकडेला विलायती बाभळी. दूरवर पहिलं वाळूचं टेकाड.)

सांचोर आलं की राजस्थान. इथून राष्ट्रीय महामार्ग ६८. गांधवजवळ लूणी नदी लागते. अरवलीत उगम पावून ही नदी कच्छच्या रणात विरते. पात्र बहुतेक कोरडं असतं. याच भागात, राष्ट्रीय महामार्ग ९२५अ वर, सप्टेंबर २०२१मध्ये हवाई दलाची विमानं उतरवण्यासाठी तीन किलोमीटरची धावपट्टी खुली झाली. महामार्गावरचा पट्टाच धावपट्टी म्हणून बांधलेला. पुढे धोरीमन्ना. धोरा म्हणजे वाळूचं टेकाड, आणि नावाप्रमाणे टेकाडं सुरू होतात.

वारा सुटला की डांबरावर वाळूच्या जिभा येतात. कधी हातभर रुंद, कधी पाच-सहा मीटर. त्यांवर पुढचा ब्रेक लावायचा नाही, गाडी कलती करायची नाही. जीभ यायच्या आधी वेग कमी करा, मग ॲक्सिलरेटर स्थिर ठेवून सरळ जा.

टायरची हवा सकाळी, चाकं थंड असताना मोजायची. तापमान दहा अंशांनी वाढलं की टायरमधला दाब सुमारे दीड पीएसआयनं वाढतो. दुपारी आकडा चढलेला दिसतो म्हणून हवा सोडली तर दुसऱ्या दिवशी पहाटे टायर बसलेला मिळतो. आणि काटे! विलायती बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून राहतो. ट्यूब बदलली, काटा तसाच राहिला, दहा किलोमीटरवर पुन्हा पंक्चर. टायरच्या आतून फडकं फिरवा, बोट नको. फडकं जिथे अडकेल तिथे काटा.

उन्हाळ्यात हा प्रवास करूच नये. याच मारवाडातल्या फलोदीत १९ मे २०१६ला ५१ अंश तापमान नोंदलं गेलं. हवा अंगापेक्षा गरम झाली की वारा थंड करत नाही, भाजतो. जॅकेट उघडून चालवणाऱ्याचं पाणी झपाट्यानं कमी होतं आणि घाम दिसतही नाही. ऐन लग्नसराईत, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, दुपार सुसह्य असते. तरी तासाला अर्धा लिटर पाणी पोटात जायला हवं. रात्री मात्र हाडं गोठतात. डिसेंबरात जैसलमेरकडे सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. म्हणजे चालवायचे तास फार थोडे.

अंधारात चालवायचं नाही, हा नियम मोडू नका. कारण उंट. गाय किंवा नीलगाय हेडलाइटच्या झोतात डोळ्यांनी चमकते. उंटाचे डोळे झोताच्या कितीतरी वर असतात. दिसतात ते फक्त चार बारीक, रस्त्याच्याच रंगाचे पाय. गाडी पायांना धडकली की उंटाचं धड चालवणाऱ्यावर येतं.

ज्यांचं घर बाडमेरच्याही पुढे, शिव किंवा देवीकोटकडे आहे, त्यांना आडवा वारा भेटतो. जैसलमेरच्या अलीकडे, अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके जपणाऱ्या आकलच्या आसपास, पवनचक्क्या उगीच उभ्या नाहीत. सततच्या वाऱ्याची सवय होते, गाडी आपोआप कलती चालते. धोका ट्रकशी गाठ पडते तेव्हा. ट्रकच्या आडोशाला वारा एकदम थांबतो आणि गाडी त्याच्याकडे ओढली जाते, बाहेर पडताच उलटा धक्का बसतो. हात सैल, गुडघे टाकीला घट्ट, आणि मध्ये मोकळं अंतर. याच मुलखात माळढोक उरलाय. सोलापूरच्या नान्नजला ज्याची वाट बघून डोळे थकले, तो पक्षी इथे अजून आहे. गाडी थांबवून बघा, पण त्याच्यामागे गाडी घालू नका.

(दृश्य: डांबराची तुटकी कडा. पुढे वाळूत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या. फोन वाजतो: ‘कठै पूग्या?’ कुठे पोचलात?)

इथे थांबायचं. घाई करायची नाही. पाठीमागे कुणी बसलं असेल तर त्यानं उतरून चालावं. दोन्ही टायरची हवा वीस पीएसआयपर्यंत उतरवा, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो. ट्यूबचा टायर असेल तर अठराच्या खाली नको. रिमवर टायर सरकतो, ट्यूब ओढली जाते आणि वॉल्व्हपाशी फाटते.

ट्रॅक्टरची एक चाकोरी पकडा आणि तीच धरून राहा. दुसरा गिअर, ॲक्सिलरेटर एकसारखा. आपलं अंग किंचित मागे, नजर लांब, कारण चाकाकडे बघितलं की गाडी तिथेच रुतते. हँडल थोडं हलणारच, त्याच्याशी झटापट नको. दोन्ही पाय खाली सोडून चालवलं तरी कमीपणा नाही. थांबायचं तर ॲक्सिलरेटर सोडा, वाळूच गाडी थांबवते.

मागचं चाक जागेवर फिरू लागलं की तत्क्षणी ॲक्सिलरेटर सोडा. आणखी दोन सेकंद फिरवलं तर चाक आसापर्यंत खाली जातं. मग इंजिन बंद करून गाडी हळूच आडवी करायची, खड्ड्यात वाळू आणि वाळका पाला भरायचा, गाडी उभी करायची आणि पहिल्या गिअरमध्ये बाजूने चालत ढकलायची. आडवी करताना सायलेन्सर आपल्या बाजूला नको. इंधन-इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत गाडी पडल्याचं ओळखणारा सेन्सर असतो. तो इंजिन बंद करतो. किल्ली एकदा बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय गाडी सुरू होत नाही, आणि माणसं उगाच प्लग काढत बसतात. क्लच जळका वास देऊ लागला तर पंधरा-वीस मिनिटं थांबा.

भुरट गवताचे काटेरी बोंड मोज्यांत, हातमोज्यांत शिरतात. ते तिथल्या तिथे काढा. हँडलवर मूठ आवळताना टोचले की हात झटकला जातो.

(दृश्य: ढाणी. मातीनं सारवलेलं अंगण, खेजडीच्या झाडाची सावली, टांक्याचं, म्हणजे जमिनीतल्या पाण्याच्या टाकीचं, गोल झाकण.)

साइड स्टँडखाली फळीचा तुकडा ठेवा, नाहीतर चहा होईपर्यंत गाडी आडवी होते. आणि गाडी धुवायला पाणी मागू नका. अंगणातल्या टांक्यात पावसाचं किंवा टँकरचं विकत घेतलेलं पाणी असतं, आणि पाहुण्यानं मागितलं तर ते नाही म्हणणार नाहीत. कोरडा ब्रश आणि फडकं पुरतं. चेन रॉकेलच्या बोळ्यानं पुसायची, फिल्टर झटकायचा, स्पोक एकेक हातानं दाबून सैल आहे का पाहायचं. मग बाजरीचा सोगरा, म्हणजे भाकरी, आणि केर-सांगरीची भाजी.

परतीला भुवाजी, म्हणजे आत्या, तुपाचा डबा देतातच. तो चार बोटं रिकामा ठेवायला सांगा. दिवसा तूप वितळून हिंदकळतं आणि झाकणातून पाझरतं. दोन पिशव्यांत घालून बाजूच्या बॅगेत उभा ठेवा, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला.

निघायचं सकाळी, ऊन चढायच्या आत. रात्रीच्या गारव्यानं आणि दवानं वाळू घट्ट बसलेली असते. आलो तेव्हा जिथे गाडी रुतली तिथूनच ती सहज निघते. डांबर लागलं की पायपंप काढून हवा पुन्हा आधीच्या आकड्यावर न्या. कमी हवेवर महामार्गाला लागलं तर टायर तापून फाटतो. सडकेपर्यंत सोडायला आलेली पोरं पंप मारायला एकमेकांना ढकलत पुढे येतात. मारू द्या. गेज मात्र आपल्या हातात ठेवा.