कडक सलाम आणि ६८ नंबर

२६ मे १९९२. पिट्सबर्ग. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगच्या विजेतेपदाची, म्हणजे स्टॅन्ली कपची अंतिम मालिका, पहिला सामना. शिकागो ४, पिट्सबर्ग पेंग्विन्स ३. शेवटची पाच मिनिटं.

हेल्मेटखालून मानेवर रुळणारे ते काळे कुरळे केस बघा. पाठीवरचा नंबर वाचायची गरजच पडत नाही. यारोमीर यागर, वय २०. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, त्याच्याकडे आली. एकाला चुकवलं, दुसऱ्याला हूल दिली, तिसरा मागेच राहिला, आणि उलट्या हातानं गोल! बरोबरी. पुढे १३ सेकंद उरले असताना पेंग्विन्सच्याच मारिओ लम्यूनं विजयी गोल केला. पण लोकांनी पुन्हा पुन्हा पाहिला तो यागरचाच गोल.

आता हे बघा. गोल झाला की हात हेल्मेटला, आणि कडक सलाम. जाहिराती, मुलाखती, त्याच्या नावाचं पीनट बटर. पिट्सबर्गमधल्या पोरांनी तसेच केस वाढवले. हा दिमाख त्यानं कधी लपवला नाही, आणि का लपवावा? गोल करण्याचा आनंद तो उघडपणे साजरा करत होता.

पण जर्सीकडे पुन्हा एकदा बघा. ६८.

प्रागजवळ क्लाद्नो हे पोलादाचं आणि कोळशाचं गाव. त्याच परिसरात यागर कुटुंबाची शेती. कम्युनिस्ट राजवटीनं जमीन घेतली, आणि विरोध केला म्हणून आजोबांना तुरुंगात टाकलं. १९६८च्या ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले. आजोबा त्याच वर्षी वारले. शाळकरी यारोमीरच्या वहीत अमेरिकेच्या अध्यक्षांचा, रोनाल्ड रेगन यांचा फोटो असायचा, तोही त्या राजवटीत! १९९०मध्ये पेंग्विन्सनं त्याला निवडलं, तेव्हा राजवट कोसळलेली होती. आधीच्या चेक खेळाडूंना बहुतेकदा मायदेशातून पळून जावं लागे. हा मात्र निवडीच्या दिवशी राजरोस हजर होता. अठरा वर्षांचा मुलगा, इंग्रजी जेमतेम, घरच्या आठवणीनं व्याकूळ. आणि पाठीवर ६८. लाखो लोक त्याचे केस बघत होते, आणि तो प्रत्येक सामन्यात आजोबांचं वर्ष पाठीवर घेऊन उतरत होता.

आता त्याचे पाय बघा. कॅमेरा सहसा इथवर येत नाही. लहानपणी रोज हजार उठाबशा काढायचो, असं तो सांगतो. त्याच पायांवर त्याचा सगळा खेळ उभा आहे. बचावपटू अंगावर आला की यागर त्याच्याकडे पाठ करतो, कंबर आडवी घालतो, गुडघ्यात वाकतो आणि लांब हातांनी पक पलीकडे धरून ठेवतो. समोरचा ढकलतो, रेटतो, पक काही मिळत नाही. सव्वासहा फुटांचा हा गडी जागचा हलतच नाही! पुढे चाळिशीतही तो रात्री उशिरा रिकाम्या रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, अंगावर वजनं बांधून, एकटा सराव करायचा. बर्फावर घासणाऱ्या स्केट्सचा हा आवाज ऐका. माझ्या मते खरा यागर इथे दिसतो.

पिट्सबर्गला दोन स्टॅन्ली कप. एनएचएलमध्ये हंगामातल्या सर्वाधिक गुणांचा (गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) मान पाच वेळा. १९९८, नागानो: अंतिम सामन्यात रशियाला १–० हरवून चेक संघ ऑलिंपिक विजेता. प्रागच्या चौकातली ही गर्दी बघा.

पुढे वॉशिंग्टनचा भलामोठा करार फळला नाही, जुगारापायी झालेली देणी बातम्यांत आली. मग न्यूयॉर्क, रशियातलं ओम्स्क, पुन्हा अमेरिका, संघामागून संघ.

आणि हे कॅनडातल्या कॅल्गरीचे चाहते! खोटे लांब केस लावून, प्रत्येकाच्या अंगात यागरच्या वेगवेगळ्या संघाची जर्सी, आणि सामन्यांसाठी गावोगाव प्रवास. फ्लोरिडात तर त्यानं स्वतःचे केसही पुन्हा वाढवले. एनएचएलमध्ये १,७३३ सामने, १,९२१ गुण. गुणांत त्याच्या पुढे एकटा वेन ग्रेट्स्की.

एवढं झाल्यावर माणूस काय करतो? यागर क्लाद्नोला परतला. गावचा क्लब त्याच्याच मालकीचा होता. संघ खालच्या श्रेणीत घसरला, वर आला, आणि मालक स्वतः स्केट्स बांधून मैदानात. तो खेळायचा म्हणून प्रेक्षक यायचे आणि प्रायोजकही टिकायचे. आयुष्यभर कमावलेली प्रसिद्धी त्यानं गावच्या रिंकसाठी वापरली. झगमगाटाचा याहून चांगला उपयोग मी तरी पाहिलेला नाही.

१८ फेब्रुवारी २०२४. पिट्सबर्ग. ६८ नंबर आता या संघात दुसऱ्या कुणालाही मिळणार नाही. सरावाला उतरलेल्या आजच्या खेळाडूंकडे बघा: सगळ्यांच्या पाठीवर ६८, डोक्यावर यागरसारखे खोटे केस, आणि त्यांच्यात बावन्न वर्षांचा यागर. त्यानंतरच्या हंगामातही तो क्लाद्नोकडून खेळला.