छातीतील श्वासनलिकेची इजा

श्रोतेहो, नमस्कार.

अपघातात छातीला मार लागला की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘बरगडी तर मोडली नाही ना?’ हा प्रश्न योग्यच आहे. परंतु बरगड्यांच्या आत, उरोस्थीच्या मागे असलेली श्वासनलिका फाटली असेल, तर ती जखम बाहेरून दिसत नाही, आणि मुलांच्या व तरुणांच्या बरगड्या लवचिक असल्यामुळे एकही बरगडी न मोडता अशी इजा होऊ शकते. ही इजा विरळ आहे. तरीही आज तिच्याविषयी बोलायचे आहे, कारण ती ओळखायला उशीर झाला तर जीव जाऊ शकतो आणि तिची पहिली खूण पुष्कळदा नातेवाइकांच्याच हाताला लागते.

प्रौढ माणसाची श्वासनलिका साधारण 10 ते 12 सेंटिमीटर लांब असते. तिच्या पुढच्या व दोन्ही बाजूंना कूर्चेच्या 16 ते 20 कमानी असतात. मागची भिंत मात्र मऊ पडद्याची असून तिला लागूनच अन्ननलिका असते. दुसरी बरगडी उरोस्थीला जिथे जोडली जाते, साधारण त्या पातळीवर नलिकेचे दोन फाटे होतात, एक उजव्या फुप्फुसाकडे जाणारा आणि दुसरा डाव्या. छातीवरील बोथट माराने होणाऱ्या बहुतेक इजा या दुभाजनापासून अडीच सेंटिमीटरच्या आत होतात, आणि त्यातही उजवा फाटा अधिक वेळा फाटतो.

असे का होते? छाती समोरून जोरात दाबली गेली की ती आडवी पसरते, दोन्ही फुप्फुसे बाजूंना ओढली जातात आणि सगळा ताण दुभाजनावर येतो. भरधाव वाहन एकाएकी थांबते, तेव्हा जागेवर पक्का असलेला भाग आणि मोकळा हलणारा भाग यांच्या सांध्यावर नलिका तुटू शकते. तिसरे कारण म्हणजे कोंडलेला दम. आघाताच्या क्षणी स्वरयंत्र मिटलेले असेल, तर आतल्या हवेचा दाब अचानक वाढतो आणि मागची मऊ भिंत उभी चिरते. आपल्या मुंबईत द्रुतगती मार्गांवरील दुचाकीचे अपघात आणि चालत्या लोकलमधून पडणे ही छातीच्या गंभीर इजांची नेहमीची कारणे आहेत. पण दहीहंडीचा विचार करताना मला अधिक काळजी वाटते, कारण खालच्या थरातील गोविंदाने भार पेलण्यासाठी दम कोंडून धरलेला असतो, आणि थर कोसळले की वरची माणसे थेट त्याच्या छातीवर येतात.

नलिका फाटली की हवा वाट सोडून ऊतींमध्ये शिरते. मान, चेहरा, छातीचा वरचा भाग फुगू लागतो आणि त्वचेवर बोट दाबल्यास खाली चुरचुर जाणवते. धाप लागणे, आवाज बसणे, खोकल्यातून रक्त येणे ही लक्षणेही दिसतात. सूज साधीच असेल असे समजून बर्फ लावत बसू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि जखमी शुद्धीवर असेल तर तो स्वतःहून ज्या स्थितीत श्वास घेऊ शकतो, त्याच स्थितीत त्याला राहू द्यावे. पाणी पाजू नये, छाती चोळू नये. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल म्हणून अनेक जण पुढे येत नाहीत, म्हणून हेही सांगतो की 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने रस्ते-अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे.

रुग्णालयात छातीत साठलेली हवा काढण्यासाठी नळी घातली जाते. नळीतून हवेचे बुडबुडे येतच राहिले आणि फुप्फुस फुलेना, तर डॉक्टरांचा संशय बळावतो. मग प्रकृती स्थिर असल्यास सीटी स्कॅन करतात. खात्रीचे निदान मात्र श्वासनलिकेत दुर्बीण घालूनच होते. फाट लहान असेल, तिच्या कडा जुळलेल्या असतील आणि रुग्ण स्वतः नीट श्वास घेत असेल, तर प्रतिजैविके व बारीक देखरेख यांवर ती भरून येऊ शकते. मोठी फाट शिवावी लागते. श्वासनलिकेच्या खालच्या भागासाठी ही शस्त्रक्रिया बहुधा छातीच्या उजव्या बाजूने करतात, कारण डावीकडे महाधमनीची कमान आड येते. भूलतज्ज्ञाची कसोटी इथेच असते: व्हेंटिलेटरने दाबाखाली दिलेली हवा फाटेतूनच बाहेर जाऊ नये, म्हणून श्वासाची नळी फाटेच्या पलीकडे किंवा केवळ निरोगी फुप्फुसाच्या बाजूला बसवावी लागते.

क्वचित अशी फाट उपचारांतूनही पडते. तातडीने श्वासाची नळी घालताना किंवा तिचा फुगा जास्त फुगल्यास मागची मऊ भिंत चिरू शकते, आणि हे स्त्रियांमध्ये अधिक आढळते. नळी घालणे बहुतेक वेळा प्राण वाचवण्यासाठीच असते, त्यामुळे या भीतीने तिला नकार देऊ नये.

काही रुग्णांत फाट सुरुवातीला लक्षातच येत नाही. ती व्रण धरून भरते आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तिथला मार्ग अरुंद होतो. मग श्वासाला शिट्टीसारखा आवाज येतो, त्याच बाजूला वारंवार न्यूमोनिया होतो आणि दम्याची औषधे लागू पडत नाहीत. अशा रुग्णाने जुना अपघात, मग तो कितीही किरकोळ वाटला असला तरी, डॉक्टरांना आवर्जून सांगावा. आकसलेला भाग काढून दोन टोके जोडता येतात, आणि त्यापलीकडचे फुप्फुस जंतुसंसर्गाने निकामी झाले नसेल तर ते पुन्हा फुलते.