भुकेचा निरोप

श्रोतेहो, नमस्कार.

वजन कमी करण्यासाठी पोटाचं ऑपरेशन करतात, हे आता बहुतेकांच्या कानावरून गेलेलं असतं. ते लागू का पडतं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: पिशवीच लहान केली, मग जास्त मावणार कुठून? खुद्द सर्जन मंडळीही बराच काळ असंच समजत होती. पण नुसती पिशवी लहान झाली असती, तर माणूस दिवसभर भुकेला राहिला असता. चार घास खायचे, पोट भरायचं आणि तासाभरात पुन्हा पोटात कावळे ओरडायचे. ऑपरेशन झालेले कित्येक जण मात्र उलटंच सांगतात. भूकच लागत नाही म्हणतात, जेवायची आठवण ठेवावी लागते.

या कोड्याचा एक धागा १९९९ साली हाती आला. मासायासु कोजिमा आणि केनजी कांगावा या जपानी संशोधकांनी उंदराच्या जठरात घ्रेलिन नावाचं हार्मोन शोधलं. हे जेवणाआधी रक्तात चढतं आणि जेवलं की उतरतं. भूक चाळवणारं, रक्तातून फिरणारं असं हार्मोन जवळजवळ हे एकच. भूक मारणारी मात्र पुष्कळ आहेत.

तीन वर्षांनी, २००२ मध्ये, डेव्हिड कमिंग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी तुलना केली. पथ्य पाळून ज्यांचं वजन १७ टक्के उतरलं होतं, त्यांचं घ्रेलिन २४ टक्क्यांनी वाढलेलं निघालं. म्हणजे माणूस जितका नेटानं बारीक होतो, तितकं त्याचं जठर जास्त ओरडतं. त्यात चरबी घटली की लेप्टिन हे तृप्तीच्या बाजूचं हार्मोनही घटतं. शरीराला वाटतं दुष्काळ पडला, आणि ते जोर लावून वजन परत आणायला बघतं. याला मनाचा कमकुवतपणा म्हणणाऱ्यांचा मला, खरं सांगायचं तर, राग येतो.

आणि ज्यांचा जठराचा बायपास, म्हणजे जठर लहान करून अन्न थेट आतड्यात पुढे वळवणारं ऑपरेशन, झालं होतं, त्यांचं काय? इतकं वजन घटूनही त्यांचं घ्रेलिन सडपातळ माणसांपेक्षाही ७७ टक्क्यांनी कमी होतं. नंतरच्या अभ्यासांत बायपासचे आकडे सगळीकडे असे एकसारखे आले नाहीत, हेही सांगायला हवं. स्लीव्ह नावाच्या दुसऱ्या ऑपरेशनमध्ये चित्र जास्त स्पष्ट आहे. त्यात जठराचा साधारण तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. वरचा फुगीर भाग, जिथे घ्रेलिन सर्वांत जास्त तयार होतं, तोही त्यातच जातो. निरोप धाडणाराच गेला, मग निरोप कुठून येणार!

पण मला जास्त रंजक वाटते ती आतड्याच्या खालच्या टोकाची गोष्ट. तिथल्या काही पेशी जीएलपी-१ आणि पीवायवाय अशी दोन हार्मोन्स सोडतात. त्यांचा मेंदूला सांगावा एकच: पुरे आता. एरवी अन्न तिथवर पोचेपर्यंत बरंचसं वरच्यावर पचून गेलेलं असतं. बायपासमध्ये आतड्याचा सुरुवातीचा भाग वगळला जातो, त्यामुळे अन्न खाली लवकर येऊन थडकतं आणि हा सांगावा एकदम मोठ्या आवाजात जातो. जेवल्यानंतर या हार्मोन्सची पातळी पूर्वीपेक्षा कितीतरी वर उसळते.

पण वजन उतरतं ते यांच्यामुळेच कशावरून? कारेल ल रू आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ते तपासलं. आतड्यातली ही हार्मोन्स दाबणारं एक औषध त्यांनी रुग्णांना दिलं. बायपास झालेले लोक लगेच जास्त जेवले. ज्यांच्या जठराला नुसता पट्टा आवळलेला होता, त्यांच्या जेवणात काही फरक पडला नाही. पट्टा म्हणजे खरोखरच निव्वळ लहान पिशवी, आणि तिथे या हार्मोन्सचा हात नव्हता.

मग सगळं श्रेय जीएलपी-१ला द्यायचं का? इथे उंदरांनी घोळ घातला. ज्या उंदरांमध्ये जीएलपी-१ ओळखणारी यंत्रणाच नाही, तेही स्लीव्हनंतर बारीक झाले. घ्रेलिन नसलेलेही झाले. तेव्हा एकच किल्ली फिरवून हे कुलूप उघडत नाही. पित्तरसातली आम्लंही यात सामील असावीत, असं दिसतं.

भूक न लागण्यालाही किंमत असते. खाण्याकडे दुर्लक्ष झालं की प्रथिनं कमी पडतात, आणि बायपासनंतर लोह आणि बी-१२ जीवनसत्त्व गोळ्या-इंजेक्शनांतून घेत राहावं लागतं.

आणि वजन तिथेच थांबतं का? स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात बायपासवाल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत ३२ टक्के उतरलं, दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर आली. पट्टा बसवलेल्यांची २० वरून १४ वर आली. काहींना भूक पुन्हा जाणवू लागते. अशा वेळी वजनाच्या आकड्याबरोबर डॉक्टरांना हेही सांगा, की भूक केव्हापासून परत आली, जेवणाआधी जास्त असते की जेवून तासाभरातच लागते. शरीरातलं जीएलपी-१ रक्तात जेमतेम दोन मिनिटं टिकतं, पण त्याच्यासारखं वागणारी, आठवड्याला एकदा टोचायची इंजेक्शनं आता आली आहेत, आणि ऑपरेशननंतर वजन पुन्हा चढलेल्या काही रुग्णांना ती देतातही.

नमस्कार.