पिंजऱ्याआधी बाजारात पोचलेली दुखापत

[काळा पडदा. सट्ट्याचे आकडे बदलत जातात.]

५ नोव्हेंबर २०२२. शनिवार. लास वेगास.

यूएफसी म्हणजे एमएमएच्या, ठोसे-लाथा-कुस्ती सगळं चालणाऱ्या लढती पिंजऱ्यात भरवणारी अमेरिकन कंपनी. तिच्या एपेक्स या छोट्या सभागृहात आज लढती आहेत. त्यांतली एक चीनचा शायिलान नुअर्दानबिके आणि अमेरिकेचा डॅरिक मिनर यांची. दोघांचंही नाव फार मोठं नाही. एरवी ही लढत आठवड्याभरात विसरली गेली असती.

पण लढतीच्या काही तास आधी भाव हलायला लागतो.

शायिलानचा भाव होता उणे २२०. म्हणजे १०० डॉलर कमवायचे तर २२० लावायचे. लढतीच्या तोंडावर तोच भाव उणे ४२० च्या आसपास पोचला. आधी बाजाराच्या मते तो दहापैकी सात वेळा जिंकला असता, आता आठ वेळा. एवढ्याशा लढतीवर इतका पैसा एकाच बाजूला पडत होता. आणि तो नुसता ‘शायिलान जिंकेल’ यावर नव्हता. तो पहिल्याच फेरीत नॉकआउटने जिंकेल, लढत अडीच फेऱ्यांच्या आत संपेल, इतकं नेमकं बोट ठेवून पैसे लावले जात होते.

[लढतीची दृश्यं. आवाज बंद.]

लढत सुरू होते. मिनर डाव्या पायाने किक मारतो आणि कळवळतो. हात पायाकडे जातो. तरीही तो पुन्हा त्याच पायाने किक मारतो. मग शायिलानचा गुडघा बसतो, मिनर खाली जातो, वरून कोपराचे घाव पडतात. पंच मध्ये येतात.

१ मिनिट ७ सेकंद.

सट्ट्यावर नजर ठेवणाऱ्या ‘यूएस इंटिग्रिटी’ या संस्थेने सट्टा कंपन्यांना सावध केलं होतं. त्यानंतर सगळ्यांचं लक्ष गेलं मिनरच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या माणसाकडे.

जेम्स क्राउस. स्वतः यूएफसीत लढलेला, मिझुरी राज्यात जिम चालवणारा, नावाजलेला कोच. क्राउस सट्टा लपूनछपून खेळत नव्हता. तो सट्ट्यावर पॉडकास्ट करायचा, पैसे भरणाऱ्या सदस्यांसाठी ऑनलाइन गट चालवायचा. लढण्यातून आणि शिकवण्यातून मिळतं त्यापेक्षा सट्ट्यातून जास्त कमावतो, हे त्याने मुलाखतीत उघडपणे सांगितलं होतं.

त्या वेळी ते कुणाला फारसं खटकलं नव्हतं, हीच मला या प्रकरणातली सगळ्यात गंभीर गोष्ट वाटते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सट्टा कायदेशीर करण्याची वाट राज्यांना मोकळी करून दिली, आणि चार वर्षांत लढतींच्या भोवती सट्टा कंपन्यांच्या जाहिराती झळकू लागल्या. लढवय्यांनी, त्यांच्या कोचनी आणि घरच्यांनी यूएफसीच्या लढतींवर पैसे लावू नयेत, हा नियम यूएफसीने कळवला तो १७ ऑक्टोबर २०२२ ला. मिनरच्या लढतीच्या जेमतेम तीन आठवडे आधी.

[जिममधला सराव. चेहरे दिसत नाहीत.]

कोचला काय काय माहीत असतं? आपल्या तालमीत वस्तादाला ठाऊक असतं, कुठल्या पैलवानाचा गुडघा सुजलाय, कोण रात्री झोपलेला नाही, कुणाचा खांदा उचलत नाही. पैलवान त्याच्यापुढे अंग उघडं करतो ते विश्वासाने. एमएमएच्या जिममध्येही हेच नातं असतं. आणि लढतीच्या सट्ट्यात सगळ्यात महाग माल हाच आहे: दुसऱ्याच्या शरीराची आतली बातमी. क्रिकेटमध्ये अकरा जण असतात, इथे एकच. त्याचा पाय गेला की निम्मा निकाल लागला. लढत फिक्स करायचीही गरज उरत नाही.

नेव्हाडाच्या क्रीडा आयोगाने मिनरवर ठेवलेला ठपका ठरवून हरल्याचा नव्हता. लढतीआधीच्या वैद्यकीय प्रश्नावलीत त्याने दुखापत लपवली, असा होता. क्राउसचा परवाना आयोगाने निलंबित केला. न्यू जर्सीने त्याच्याशी संबंधित लढतींवर सट्टा घ्यायला मनाई केली. कॅनडातल्या ओंटारियो प्रांताने तर काही काळ यूएफसीवरचा सगळाच सट्टा थांबवला. डिसेंबरमध्ये यूएफसीने सांगितलं, क्राउसकडे सराव करणाऱ्या कुणालाही आमच्याकडे लढता येणार नाही.

जिममधल्या बाकीच्यांचं काय? मेक्सिकोचा ब्रँडन मोरेनो तिथे सराव करत होता. जानेवारीत रिओमध्ये त्याची अजिंक्यपदाची लढत होती, आणि महिना-दीड महिना आधी त्याला कोच बदलावा लागला. ती लढत तो जिंकला, पण तो मोरेनो होता म्हणून. त्याच जिममधल्या नवख्या पोरांकडे ना नाव होतं ना पैसा.

[सोल शहर, रात्र.]

थोडं मागे जाऊ. नोव्हेंबर २०१५, दक्षिण कोरियातलं सोल.

बँग टे-ह्यून या कोरियन लढवय्याने हरण्यासाठी दलालांकडून १० कोटी वॉन घेतले होते, तेव्हाचे साधारण ९० हजार डॉलर. त्यातले ५ कोटी त्याने स्वतःच प्रतिस्पर्धी लिओ कुंट्झवर लावले. लढतीआधी भाव असा एकदम फिरला की यूएफसीच्या लोकांनी दोघांनाही गाठून ताकीद दिली.

बँग घाबरला. लढला. आणि जिंकला, तोही तीनपैकी दोन परीक्षकांच्या मतावर. ज्यांचे पैसे बुडाले ते गप्प बसणाऱ्यांतले नव्हते. शेवटी सगळं पोलिसांपुढे उघड झालं आणि २०१७ मध्ये बँगला दहा महिन्यांची कैद झाली.

तो पैशाला भुलला, हे खरं. पण आकडे शेजारी ठेवून बघा. यूएफसीत नवखा लढवय्या उतरण्याचे साधारण १०-१२ हजार डॉलर घेतो आणि जिंकला तर तेवढेच वर. त्यातून कोच, मॅनेजर, कर. महिन्याचा पगार नाही. आणि दुखापत सांगून माघार घेतली तर उतरण्याचे पैसेही हातचे जाऊ शकतात.

[पुन्हा लास वेगास.]

१ नोव्हेंबर २०२५. तेच शहर. आयझॅक डल्गेरियन या यूएफसी लढवय्याचं पारडं जड मानलं जात होतं, पण लढतीआधी भाव त्याच्या विरुद्ध सरकू लागला. यूएफसीचे प्रमुख डेना व्हाइट यांनी नंतर सांगितलं की त्याला आधी विचारलं होतं: दुखापत आहे का? कुणाचं देणं आहे का? कुणी गाठलंय का? त्याने सगळ्याला नाही म्हटलं. लढत झाली, पहिल्याच फेरीत तो गळ्याच्या पकडीत अडकून हरला. यूएफसीने त्याला लगेच काढून टाकलं आणि एफबीआयशी संपर्क साधल्याचं व्हाइट यांनी सांगितलं.

‘दुखापत आहे का’ हा प्रश्न विचारला गेला, हे चांगलंच झालं. पण तो अशा माणसाला विचारला जातो, ज्याने हो म्हटलं की त्याची त्या दिवसाची कमाई जाते. लढतीच्या सकाळी स्वतंत्र डॉक्टरने तपासावं, आणि डॉक्टरने थांबवलं तर लढवय्याला उतरण्याचे पैसे मिळावेत. यूएफसीला हे परवडतं. सट्टा कंपन्यांकडून येणाऱ्या जाहिरातींच्या पैशातूनच ते देता येईल.