मूल कोणाच्या घरी राहतं? अमेरिकेतल्या दोन टॅक्स क्रेडिटचा हिशेब

अमेरिकेत कमी कमाईच्या कुटुंबाला मिळणारी मोठी रोख मदत कुठल्या कल्याण खात्याच्या खिडकीवर मिळत नाही, ती टॅक्स रिटर्नमधून मिळते. त्यामुळे एक विचित्र प्रकार होतो. ज्याची कमाई इतकी कमी की कर लागतच नाही, तो म्हणतो, मी कशाला रिटर्न भरू? आणि नेमके त्याचेच हक्काचे पैसे बुडतात. अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट म्हणजे काम करून थोडंच कमावणाऱ्यांसाठीची करसवलत. तिला पात्र असलेल्यांपैकी साधारण पाचातला एक जण ती मागतच नाही, असं आयआरएस, म्हणजे अमेरिकेचं कर खातं, स्वतःच सांगतं.

आधी वजावट आणि क्रेडिट यांची गल्लत मिटवू. वजावट उत्पन्नातून जाते, क्रेडिट थेट करातून. १० टक्क्यांच्या टप्प्यात हजार डॉलरच्या वजावटीने शंभर डॉलर वाचतात, हजाराच्या क्रेडिटने पूर्ण हजार. क्रेडिट रिफंडेबल असेल तर कर शून्यावर आल्यावर उरलेली रक्कम तुमच्या खात्यात जमा होते.

अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट १९७५ साली आलं. लुइझियानाचे सेनेटर रसेल लाँग यांचा आग्रह होता की मदत काम करणाऱ्यालाच मिळावी. तेव्हा कमाल रक्कम ४०० डॉलर होती. २०२५ च्या उत्पन्नासाठी ती एका मुलाला ४,३२८, दोघांना ७,१५२ आणि तीन किंवा अधिक मुलांना ८,०४६ डॉलर आहे. लाँग यांचा तो आग्रह आजही सूत्रात दिसतो. दोन मुलं असतील तर कमावलेल्या प्रत्येक डॉलरमागे ४० सेंट जमा होत जातात, ते १७,८८० डॉलरपर्यंत. मग काही अंतर सपाट. एकट्या पालकाची कमाई २३,३५० च्या पुढे गेली की डॉलरमागे सुमारे २१ सेंट कापले जातात, आणि ५७,३१० ला क्रेडिट संपतं. नवरा-बायको एकत्र रिटर्न भरत असतील तर ही शेवटची मर्यादा ६४,४३०.

दुसरं चाइल्ड टॅक्स क्रेडिट. २०२५ साठी मुलामागे २,२०० डॉलर, मूल ३१ डिसेंबरला १७ वर्षांखालचं हवं. कर नसेल तर यातले मुलामागे जास्तीत जास्त १,७०० हातात येतात, तेही सगळ्या मुलांचे मिळून २,५०० डॉलरच्या वरच्या कमाईच्या १५ टक्क्यांपर्यंतच.

आकडे मांडून बघू. एकटी आई, दोन मुलं, पगार २०,००० डॉलर. कर शून्य. पहिलं क्रेडिट पूर्ण, ७,१५२. दुसऱ्यासाठी २०,००० मधून २,५०० वजा, उरलेल्या १७,५०० चे १५ टक्के, म्हणजे २,६२५. एकूण ९,७७७ डॉलर. आता तिच्या कामाचे तास कमी झाले आणि पगार १२,००० वर आला असं धरा. पहिलं ४,८००, दुसरं १,४२५, मिळून ६,२२५. जिची गरज वाढली तिच्या हातात साडेतीन हजार कमी. माझ्या मते या रचनेतला हा खरा दोष आहे. चाइल्ड टॅक्स क्रेडिटमधला तो २०२१ मध्ये एका वर्षापुरता दूर केला होता: रक्कम पूर्ण रिफंडेबल, सहा वर्षांखालच्या मुलाला ३,६०० आणि मोठ्याला ३,०००, त्यातली निम्मी जुलैपासून दरमहा. जनगणना विभागाच्या पूरक मोजमापानुसार (त्यात अशी क्रेडिटही धरतात) त्या वर्षी बालदारिद्र्य ५.२ टक्क्यांवर आलं. सवलतीची मुदत संपली आणि २०२२ मध्ये ते १२.४ वर गेलं.

आता क्रेडिट मागताना चुकतं कुठे? संख्येने बघाल तर उत्पन्नाच्या नोंदीत, पण रकमेने बघाल तर मुलाच्या बाबतीत. मूल वर्षातला निम्म्याहून जास्त काळ अमेरिकेत तुमच्याच घरी राहिलेलं हवं. खर्च कोण करतो हा प्रश्नच नाही. घटस्फोटात वडील दरमहा पैसे देतात, मूल आईकडे राहतं, तर अर्न्ड इन्कम क्रेडिट आईचंच. फॉर्म ८३३२ वर सही करून आई चाइल्ड टॅक्स क्रेडिट वडिलांना देऊ शकते, पहिलं नाही. पुष्कळ तडजोडपत्रांत वकील दोन्ही एकत्र लिहून टाकतात, आणि मग वडिलांना नोटीस येते. एका घरात आई आणि आजी दोघी कमावत्या असतील तर हक्क आधी आईचा. दोघांनी तेच मूल दाखवलं की नंतर आलेलं ई-फाइल रिटर्न सहसा परत येतं. खरा हक्क तुमचा असेल तर आयआरएसकडून आयपी पिन (ओळख पटवणारा गुप्त क्रमांक) घेऊन ते पुन्हा पाठवता येतं.

नोटीस आली की रिफंड अडकतो. उत्तराला साधारण तीस दिवस मिळतात. जन्मदाखल्याने नातं सिद्ध होतं, राहणं नाही. त्यासाठी शाळेचं, डॉक्टरचं किंवा घरमालकाचं पत्र लागतं, त्यावर मुलाचं नाव, तुमचाच पत्ता आणि त्या वर्षाच्या तारखा हव्यात. बेफिकिरीने मागितलं असं ठरलं तर दोन वर्षं बंदी, फसवणूक ठरली तर दहा.

आपल्या मराठी घरांत काही खास खाचखळगे आहेत. भारतात जन्मलेल्या आणि पालकाच्या नोकरीच्या व्हिसामुळे एच-४ वर आलेल्या मुलाला सहसा सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकेतला सरकारी ओळख क्रमांक) मिळत नाही, आयटीआयएन, म्हणजे फक्त करापुरता क्रमांक, मिळतो. त्यावर ही दोन्ही क्रेडिट नाहीत, फार तर ५०० डॉलरचं अवलंबितांचं क्रेडिट. अर्न्ड इन्कम क्रेडिटसाठी रिटर्नवरच्या आई-वडिलांनाही कामाला चालणारा सोशल सिक्युरिटी नंबर हवा. २०२५ पासून चाइल्ड टॅक्स क्रेडिटसाठीही किमान एका पालकाला तो लागतो. नोकरी गेलेल्या वर्षी कमाई मर्यादेत बसते, पण बेकारी भत्ता ही 'कमाई' नव्हे, त्यावर काही जमा होत नाही. उलट पुण्यातल्या बँकेतल्या मुदत ठेवीचं व्याज इथे मोजलं जातं. एनआरई (अनिवासी भारतीयांच्या) खात्यावरचं व्याज तिकडे करमुक्त असलं तरी इकडे उत्पन्नच, आणि २०२५ साठी गुंतवणुकीचं उत्पन्न ११,९५० डॉलरच्या वर गेलं की अर्न्ड इन्कम क्रेडिट पूर्ण जातं. मूल सुट्टीत आजीकडे गेलं तर ते दिवस तुमच्याच घरचे धरतात. तिकडच्या शाळेत घालून तिथेच ठेवलं असेल तर मात्र निम्म्या वर्षाची अट सिद्ध करणं कठीण. आणि नाव: वडिलांचं नाव मधलं की आडनावाचा भाग, हे पासपोर्ट पाहून नका ठरवू, सोशल सिक्युरिटी कार्डावर जसं आहे तसंच लिहा.

अर्ज म्हणजे फॉर्म १०४०, सोबत शेड्यूल ईआयसी आणि शेड्यूल ८८१२. आयआरएसच्या व्हीटा या मदत योजनेचे स्वयंसेवक हे फुकट भरून देतात, तयारीची फी रिफंडमधून कापणाऱ्या दुकानात जायची गरज नाही. जानेवारीत भरलं तरी कायद्यानुसार फेब्रुवारीच्या मध्याआधी पैसे सुटत नाहीत, तेव्हा त्या भरवशावर भाडं ठरवू नका. राज्याचं वेगळं बघा. न्यू जर्सी संघीय अर्न्ड इन्कम क्रेडिटच्या ४० टक्के आपल्याकडून देते, कॅलिफोर्नियाचं राज्य क्रेडिट आयटीआयएनवरही मिळतं.

राहिलेली वर्षं मागता येतात, मुदत तीन वर्षं. उदाहरणार्थ, २०२२ चं रिटर्न भरलंच नसेल तर त्यासाठीची मुदत एप्रिल २०२६ च्या मध्यापर्यंत. अट एकच: त्या वर्षाच्या रिटर्नची मुदत संपण्याआधी सोशल सिक्युरिटी नंबर मिळालेला हवा. नंबर नंतर आला तर जुनं वर्ष उघडून उपयोग नाही.