नकाशातून गळलेला मालूपा

विषय पत्रिकेत छापलाय तोच आहे: सुरुवातीच्या छापील पुस्तकांतून विज्ञान कसं पसरलं, आणि त्याचं मॉडेल कसं बांधतात. त्याकडे येतोच. पण आधी गोव्यात जाऊ या.

१५६३ साल. गोव्यात छापखाना येऊन जेमतेम सात वर्षं झालेली. जुआंव द एंदेंच्या छापखान्यातून गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचं पुस्तक निघालं, इकडच्या औषधी वनस्पतींवर. हा गृहस्थ १५३४ साली गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावरही त्यानं उपचार केले. मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्यानं होतं, आणि तिथल्या आपल्या आंब्याला वर्षातून दोनदा फळ येतं, हे त्यानं पुस्तकात अभिमानानं नोंदवलंय. देवगड आणि रत्नागिरीच्या मंडळींनी आपला वाद आजच्यापुरता बाजूला ठेवावा, इथे मुंबईचा आंबा पुढे आहे!

पुस्तक सगळं संवादात आहे. ऑर्ता आणि नुकताच आलेला डॉक्टर रुआनो बोलत बसलेत. मध्येच दासी अँतोनिया काहीतरी आणून दाखवते. मालूपा नावाचा हिंदू वैद्य येतो, त्याला थेट विचारलं जातं. कोणती माहिती कुणाकडून आली, ते वाचताना समोर दिसतं. मला हे पुस्तक त्यासाठीच प्रिय आहे.

चारच वर्षांनी, १५६७ साली, क्लूसियस या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञानं अँटवर्पला प्लांतँच्या छापखान्यातून त्याचा लॅटिन संक्षेप काढला. वनस्पती नीट मांडल्या, टिपा जोडल्या, संवाद काढून टाकले. युरोपभर गाजला तो हा संक्षेप. तोच पुन्हा पुन्हा छापला गेला, त्याचं इटालियन भाषांतर झालं. मूळ पोर्तुगीज पुस्तकाला पुनर्मुद्रणासाठी एकोणिसाव्या शतकापर्यंत थांबावं लागलं. ऑर्ता १५६८ साली वारला. १५८० साली इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्याच्या अस्थी उकरून जाळल्या, कारण तो गुप्तपणे ज्यू होता असा ठपका होता. या माणसाबद्दल बोलायला लागलो की मला थांबवत नाही. पण चिठ्ठी आलीय, वेळ संपत आलाय.

तर मॉडेल, थोडक्यात. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत साक्रोबोस्कोच्या 'स्फेरा' या खगोलाच्या पाठ्यपुस्तकावर मोठं काम झालंय. पुस्तक तेराव्या शतकातलं, पहिली छापील आवृत्ती १४७२ ची. १६५० पर्यंत निघालेल्या साडेतीनशेहून अधिक आवृत्त्या त्यांनी गोळा केल्या, प्रत्येकीतला मजकूर, भाष्यं, आकृत्या सुट्या केल्या आणि कोणता तुकडा कोणत्या आवृत्तीत पुन्हा आला ते जोडलं. आवृत्ती म्हणजे बिंदू, समान तुकडा म्हणजे रेघ. मग दिसतं की जर्मनीतल्या विटेनबर्गला विद्यार्थ्यांसाठी निघालेल्या छोट्या आकाराच्या आवृत्त्यांचं अनुकरण इतर शहरांतले छापखानेही करत होते.

काम उत्तम आहे. माझी तक्रार रेघांबद्दल आहे. रेघ जे टिकलं ते सांगते, गळलेलं सांगत नाही. हीच पद्धत ऑर्ताला लावली, तर गोवा एक बारीक बिंदू, अँटवर्प गलेलठ्ठ, आणि मालूपा कुठेच नाही. म्हणून प्रत्येक रेघेवर वगळलेल्या मजकुराचीही नोंद हवी. हे करणं अवघड नाही. ऑर्ता आणि क्लूसियस शेजारी ठेवायचे, ऑर्ताच्या प्रत्येक माहितीपुढे ती सांगणाऱ्याचं नाव लिहायचं, आणि ते नाव लॅटिनमध्ये उरलं की नाही हे पाहायचं. पोर्तुगीज आणि लॅटिन येणारं कुणी सभागृहात असेल, तर जाण्याआधी मला जरूर भेटा.